शुक्रवारची बॅटरी

आमच्याकडे शुक्रवारी वीज जाते. अंबरनाथमध्ये राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. इथल्या कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून तारांची आणि खांबांची कामंही त्याच दिवशी काढतात. कधी दोन तास, कधी सकाळी नऊपासून पार चारपर्यंत. पालेगावात आम्ही शुक्रवारचं दळण गुरुवारीच आणतो, मोटर लावून टाकी भरून ठेवतो आणि बाकी फार मनावर घेत नाही. काकाजी इस्पितळातून ऑक्सिजनचं मशीन घेऊन घरी आले, तोवर मीही घेत नव्हतो.

काकाजी माझे रक्ताचे कोणी नाहीत. मी गोंदियाकडच्या एका गावचा. आठवीची परीक्षा न देताच शाळा सोडली आणि सतराव्या वर्षी इकडे कामाला आलो. काकाजी तेव्हा शहाडला एका कारखान्यात मशीनवर होते आणि त्यांच्या घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्याच वर्षी टायफॉइड झाला. घरी कळवू नका म्हणून मी रडत होतो आणि काकू तांदळाची पेज घेऊन उशाशी उभ्या होत्या. "मेलास तर तुझ्या आईला मी काय सांगू? गीळ मुकाट्यानं." असं एकवीस दिवस चाललं. त्या पेजेनंतर मी खोली बदलली नाही, आणि आता बदलणारही नाही. आमच्या भागात मोठ्या माणसाला 'जी' लावतात. मी पहिल्यांदा 'काकाजी' म्हणालो तेव्हा ते म्हणाले होते, "काकाजी? मी काय दुकानदार हाय काय रं?" पण नाव तेच राहिलं.

आता त्यांची फुप्फुसं थकली आहेत. बिडीमुळे, असं ते स्वतःच सांगतात, जणू एखाद्या जुन्या मित्राची तक्रार करतायत. डॉक्टरांनी सांगितलं की मशीन दिवसरात्र चालू राहिलं पाहिजे. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं ते मशीन, चाकांवरचं, गुडघ्याएवढं. त्याची एक लांब नळी काकाजींच्या नाकापर्यंत जाते. वीज गेली की मशीन बंद. त्यासाठी बाजूला सिलेंडर उभा करून ठेवलेला, त्याची चावी फिरवायची आणि वेगळा मास्क लावायचा. इस्पितळात काकूंनी चावी दोनदा फिरवून दाखवली होती. मी निर्धास्त होतो.

पहिल्या शुक्रवारी मी उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या छापखान्यात कामावर होतो. सव्वानऊला काकूंचा फोन आला. त्यांच्या बोटांना संधिवात आहे, आणि घरातल्या सिलेंडरची चावी हलेचना. "फिरत नाय रे, फिरत नाय," एवढंच त्या म्हणत होत्या, आणि मागे काकाजींचा खोकला. मी रिक्षा मिळेस्तोवर पळत सुटलो. घरी पोचलो तेव्हा शेजारच्या नव्या इमारतीवरचा एक गवंडी आमच्या ओटीवर उभा होता, हाताला सिमेंट लागलेलं. काकूंनी खिडकीतून मारलेली हाक ऐकून तो धावत आला होता आणि त्याने चावी फिरवली होती. काकाजींची नखं निळी पडली होती. मी त्या माणसाचे पाय धरायला गेलो तर तो घाबरून दोन पावलं मागे सरला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे काकाजींची एकुलती मुलगी, बंगळुरूला असते. म्हणाली, "घराला बॅटरी बसवून घेऊ. मोठी, सात-आठ तास चालणारी. पैशाचं मी बघते. पण कोणती कंपनी, कोण बसवणार, ते तू ठरव. तू तिथे आहेस."

"ताई, मी आठवी नापास माणूस..."

"तू परीक्षाच दिली नव्हतीस. नापास कसला? फक्त चूक होऊ देऊ नकोस."

हे शेवटचं वाक्य बोलली नसती तर मला झोप लागली असती.

माझं काम काय ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी लेबलं छापतो. जाळीवर शाई ओतायची, रबराची पट्टी ओढायची, खाली कागद येतो तो वाळायला टाकायचा. मिक्सर, पंखे, चार्जर, स्टॅबिलायझर, कशावर काय चिकटतं ते इतकी वर्षं मीच छापत आलो आहे. गिऱ्हाईक सांगतं तेवढे वॉट आम्ही लिहितो. 'पाच वर्षं वॉरंटी' ही ओळ मी किती हजार वेळा ओढली असेल देव जाणे. ती वस्तू पाच महिने तरी चालली का, हे मला कोणी कधी येऊन सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. त्यामुळे दुकानात गेलो की माझा हात आधी वस्तूवर जात नाही, लेबलाच्या कोपऱ्यावर जातो. नखाने खरवडून बघतो. बायका भाजी घेताना भेंडी मोडून बघतात तसं.

असल्या माणसाला बॅटरी निवडायची होती.

पहिला आला तो बदलापूरचा. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट, स्वतःला कन्सल्टंट म्हणवायचा. काकाजींना 'सर' म्हणाला, काकूंना 'मॅडम' म्हणाला, काकू मागे वळून बघायला लागल्या. त्याने टॅबलेटवर एक सुंदर पांढरी बॅटरी दाखवली, भिंतीवर टांगलेली, खाली एक गोरं मूल खेळतंय. "भाऊ, टेन्शनच घेऊ नका. दहा वर्षं विसरून जा."

"मशीन किती वीज खातं ते नाही बघायचं?" मी विचारलं.

"ते ॲपमध्ये सगळं येतं."

"आणि शुक्रवारी बिघडली तर कोण येणार जी?"

"टोल फ्री नंबर आहे ना."

मग त्याने मला विचारलं, तुम्ही सरांचे कोण? भाडेकरू म्हटल्यावर पुढचं सगळं तो फोनवर ताईशीच बोलला. मला राग आला नाही. मला बरंच वाटलं, कारण माझ्याकडे कोणी बघत नसलं की मला नीट बघता येतं. मी त्याचं पत्रक पालथं करून पाहिलं. नंबर जुना खोडून वर नव्या नंबरची पट्टी चिकटवलेली होती.

मी म्हणालो, तुम्ही आधी बसवलेलं एखादं घर दाखवा. तो आनंदाने तयार झाला. बदलापूरला पश्चिमेला एका सोसायटीत नेलं. घर छान, बॅटरी छान, घरातले लोकही छान, चहा पाजला. बॅटरी बसून तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत तर माझ्या हातचं लेबलही पिवळं पडत नाही. निघताना मी चप्पल विसरल्याचं निमित्त करून मागे राहिलो आणि खाली वॉचमनला विचारलं, "या साहेबांनी अजून कोणाकडे बसवलंय इथं?"

"तिसऱ्या माळ्यावर. पण तिथं त्यांचं नाव काढू नका, बाई चिडतात."

तिसऱ्या माळ्यावरच्या बाई चिडल्या नाहीत. मला गॅलरीत घेऊन गेल्या. तशीच पांढरी बॅटरी, फक्त तिच्यावर लोणच्याच्या तीन बरण्या उन्हात ठेवलेल्या.

"दुसऱ्या वर्षी बंद पडली," त्या म्हणाल्या. "याला फोन केला तर हा म्हणतो कंपनीचा माल खराब. कंपनीला केला तर म्हणतात बसवणाऱ्याने चुकीचं जोडलं. मग कंपनीचंच नाव बदललं. आता नवीन नावाचे लोक म्हणतात, ते जुने लोक वेगळे. मी कोणाचं मानू? बरण्या मात्र छान तापतात हो."

मी घरी येताना हेच घोळवत होतो. नुसती कंपनी चांगली असून भागत नाही, नुसता बसवणारा चांगला असूनही भागत नाही. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं की मध्ये काकाजींचा श्वास. मी ताईला नको म्हणून सांगितलं. तिने विचारलं, का? मी म्हटलं, बरण्या पाहिल्या. मग सगळं सांगावं लागलं.

आमच्या छापखान्याचा स्टॅबिलायझर कॅम्पमधला एक म्हातारा सिंधी माणूस सांभाळतो. सगळे त्यांना दादा म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी दहा बाय दहाचं दुकान, आत तांब्याच्या तारेची रिळं, जळक्या वार्निशचा वास. आधी मोटरींचं वाइंडिंग करायचे, मग इन्व्हर्टर, आणि आता दोनेक वर्षांपासून या नव्या लिथियमच्या बॅटऱ्या बसवतात. मी त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी बॅटरीचं नाव काढायच्या आधी विचारलं, "पेशंट किती लिटरवर आहे? मशीन किती करंट खातो? तुझ्या घरात अर्थिंग आहे काय?"

मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मग त्यांनी कोपऱ्यातली बॅटरी दाखवली. निळी, जाड पत्र्याची, ट्रंकेसारखी. "हा अंबरनाथला बनतो. एमआयडीसीत. सात वर्षं त्याच नावाचा बोर्ड आहे."

माझा हात सवयीने लेबलाकडे गेला आणि तिथेच थांबला. अंबरनाथच्या 'अ'च्या डाव्या बाजूला शाईचा मोहरीएवढा ठिपका होता. जाळीला एक बारीक भोक पडलं होतं, मी ते बुजवायचं विसरलो होतो, आणि वाळत घालायची आख्खी घडवंची भरून कागद त्या ठिपक्यासकट गेले होते. महिनाही झाला नसेल. ते लेबल माझं होतं, आणि मी छापलेलं लेबल खऱ्या मालावर लागत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"हे डुप्लिकेट आहे," मी म्हणालो.

"काय?"

"हे लेबल मी छापलंय. कॅम्प एकमध्ये. तुम्ही मला उल्लू बनवता का जी? माणूस मरेल घरी."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती माझ्याकडे बघायला लागली. दादांनी चष्मा कपाळावर चढवला. मी थांबलो नाही. तसाच घरी निघालो. एका बाजूला वाटत होतं, वाचलो. दुसऱ्या बाजूला वाटत होतं, आता उरलं कोण? पुढचा शुक्रवार पाच दिवसांवर आला होता आणि सिलेंडरच्या चावीला तेल घालण्यापलीकडे मी काहीही केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा स्कूटर घेऊन छापखान्याच्या दारात. मी शाईच्या हातांनी बाहेर आलो.

"तूच काल ओरडत होता ना? मला सांग, लेबल कुठे बनतो?"

"इथे."

"मग कारखान्यावाला लेबल कुठून आणणार? त्याच्या अंगणात लेबलाचा झाड आहे काय? तू छापतो म्हणून तो विकत घेतो. साईं, तू स्वतःलाच चोर समजतो आणि मला पण त्यात घेतो." मग आतल्या बाजूला बघून ओरडले, "शेठ, याला दोन तास नेतो!" आणि मला म्हणाले, "बस मागे."

मी बसलो. मागे बसून मी काय विचार करत होतो, ते लिहायला लाज वाटते. मला वाटत होतं, हा मला कुठल्या तरी भाड्याच्या गाळ्यात नेऊन दोन मशीनं दाखवेल.

कारखाना मोठा नव्हता. एका लांब टेबलापाशी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, तपासणीचं काम त्यांच्याकडे. भिंतीवर ओळीने मोठे दिवे लावलेले, त्यांच्या उष्णतेने खोली भट्टीसारखी झालेली. प्रत्येक बॅटरी आधी पूर्ण भरायची, मग त्या दिव्यांवर पार रिकामी करायची आणि किती वेळ चालली ते वहीत लिहायचं. मी बाईंना विचारलं, "आतले सेल तुम्हीच बनवता का जी?"

"नाही हो. सेल बाहेरून येतात. आपण तपासतो, जोडतो, पेटी बनवतो. सेल आम्ही बनवतो असं सांगणारा या भागात कोणी भेटला तर मला पण भेटवा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्यासमोर, आम्ही अमुक बनवत नाही, असं सांगितलं होतं.

मग त्यांनी वही दाखवली. प्रत्येक ओळीला एक क्रमांक, आणि ते क्रमांक माझ्या ओळखीचे होते. लेबलावर शिक्क्याने मीच मारले होते, चढत्या क्रमाने. काही ओळींपुढे वेळ लिहिलेली नव्हती. तिथे माझंच लेबल चिकटवून त्यावर लाल शाईने फुली मारलेली होती.

"या पास नाही झाल्या," बाई म्हणाल्या. "त्या पेटीला लेबल मिळत नाही. लेबल दुसरीकडे वापरलं जाऊ नये म्हणून इथेच चिकटवून टाकायचं."

मी त्या फुल्या बराच वेळ बघत राहिलो. माझं छापलेलं कोणी नाकारल्याचा आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. दादा बाहेर उभे राहून कोणाशी तरी फोनवर भांडत होते.

म्हणून माझा संशय गेला असं नाही. तो फक्त दुसऱ्या जागी जाऊन बसला. बॅटरी ठीक, पण बसवणार कशी?

त्याच संध्याकाळी दादा घरी आले ते बॅटरी न घेताच. नुसता मीटर घेऊन. तारेभोवती चिमटा लावून मशीन किती वीज खातं ते मोजलं, हाताच्या तळव्यावर पेनाने लिहिलं. मग भिंतीतला प्लग उघडून बघितला आणि मान हलवली. "अर्थिंग नाही. नुसती तार आत सोडून दिली आहे. आधी तो करणार, मग बॅटरी."

दोन दिवस अंगणात खड्डा खणण्यात गेले. पत्र्याची पट्टी उभी करून भोवती कोळसा आणि जाड मीठ भरायचं असतं, म्हणजे जमीन ओली राहते. काकू ओटीवर बसून बघत होत्या. मिठाची अख्खी गोणी खड्ड्यात जाताना बघून त्या माझ्या कानाशी लागल्या. "कोळसा आन् मीठ दारात पुरतोय तो. विचार ना त्याला, कोणावर करणी करतोय का?"

दादांना ऐकू गेलं. "करणीच आहे भाभी. विजेवर करतो. ती घरात आली तर इथेच पुरली पाहिजे."

"नि माझा मिक्सर चालेल ना यावर? टीव्ही?"

"नाही."

"आवं, संध्याकाळी मालिका असते."

"यावर फक्त मशीन, एक पंखा, एक दिवा. चौथी वस्तू लावली तर मी तार कापून जाणार." काकूंनी तोंड फिरवलं. मला मात्र ते फार आवडलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा माणूस मी आमच्या धंद्यात बघितलेला नव्हता.

बुधवारी बॅटरी बसली. दादांनी स्वतः मेन स्विच पाडून तासभर मशीन तिच्यावर चालवून दाखवलं. जाताना म्हणाले, "आता हिसाबाची बात नको. शुक्रवारी ट्रायल घे. मग ताईला सांग. आणि सिलेंडर इथून हलवायचा नाही. बॅटरी असली तरी नाही."

"शुक्रवारी फोन केला तर उचलाल ना जी?"

"तू करून तर बघ."

सगळेच असं म्हणतात, मी मनात म्हटलं.

शुक्रवारी सुट्टी घेतली. आंघोळ करून सकाळी आठलाच काकाजींच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसलो. बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा, कागद, पेन, सगळं जवळ. नऊ वाजून दहा मिनिटांनी पंखा एक क्षण मंदावला आणि पुन्हा फिरू लागला. मशीनचा आवाज बदललाही नाही.

"गेली काय रं लाईट?" काकाजींनी विचारलं.

"गेली जी."

"मग हे कसं घुरघुरतंय?"

"बॅटरीवर."

"बरं," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. मी दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत होतो. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. बॅटरीचा छोटा पडदा मात्र कोपऱ्यात होता आणि खाटेआड जायचा. दर वेळी उठून वाकून बघावं लागे. साडेबाराच्या सुमाराला कंटाळलो आणि काकाजी बसलेले असतानाच खाट वीतभर सरकवली. आता खुर्चीतूनच पडदा दिसायला लागला. अडुसष्ट टक्के, हिरवा दिवा.

दोनच मिनिटांत मशीन ओरडायला लागलं. टीं टीं टीं. पिवळा दिवा. काकाजींनी पेपर खाली ठेवला. चिमट्यावरचा आकडा ब्याण्णव, मग नव्वद, मग अठ्ठ्याऐंशी. मी बॅटरीकडे बघितलं तर तिथे अजून अडुसष्ट आणि हिरवा. खोटारडी, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. सिलेंडरची चावी फिरवली, तेल घातलेली होती, लगेच फिरली. मास्क लावला. आकडा हळूहळू वर यायला लागला. पण ताईला काय सांगू? मीच आणलेली होती ती पेटी. मीच बघून, निवडून.

दादांना फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"दादा, मशीन ओरडतंय..."

"आलो." फोन बंद.

आलो म्हणायला काय लागतं? मीही गिऱ्हाइकांना 'छापून तयार आहे' असं सांगतो आणि मग जाळी धुवायला घेतो. मी ओटीवर जाऊन उभा राहिलो. काकू आतून विचारत होत्या, "येतोय का रे?" दर वेळी मी म्हणत होतो, "येतो म्हणाले." पाऊण तास झाला असेल नसेल, वळणावर स्कूटर दिसली. दादा तसेच आत आले, चप्पल दारात काढून. उजव्या हाताची बोटं डाळीने पिवळी होती.

"बंद पडला की ओरडला?"

"ओरडतंय अजून."

"मग वीज आहे. वीज नसती तर आवाज कुठून आला?"

त्यांनी बॅटरीकडे ढुंकूनही बघितलं नाही. खाली बसले, मशीनपासून निघालेली नळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली आणि तशीच पुढे सरकत गेले. भिंतीपासून, खुर्चीखालून, खाटेपाशी. तिथे थांबले.

"पलंग कोण सरकवला?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. खाटेचा पाय बरोबर नळीवर होता, आणि वर काकाजींचं सगळं वजन.

काकाजींनी मास्क बाजूला केला. "एवढी वर्षं माझ्या घरात राह्यलास," ते म्हणाले, "आन् शेवटी माझ्याच नरड्यावर खाट ठेवलीस होय रं?"

काकू आधी हसल्या, मग दादा. मला हसता आलं नाही. मी खाट उचलली, दादांनी नळी मोकळी केली, मशीन एक लांब श्वास टाकल्यासारखं झालं आणि गप्प झालं. मग मी मागच्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. खरं तर तोंड धुवायचं कारण वेगळं होतं.

परत आलो तेव्हा दादा पिशवीतून छोट्या क्लिपा काढून नळी भिंतीच्या कडेने, जमिनीपासून हातभर उंच, ठोकत होते. मी म्हटलं, "दादा, चूक माझी होती. तुमचं जेवण राहिलं."

"जेवण काय, घरी ठेवलेला आहे."

काकूंनी ऐकलंच नाही. त्यांनी ताट वाढलं, दादांनी हात धुतले आणि पुन्हा वरणभात खाल्ला. जेवताना काकूंना म्हणाले, टीव्हीसाठी वेगळा छोटा इन्व्हर्टर लावून देतो, पण या लाईनवर नाही. काकूंनी भात जास्तीचा वाढला.

तीनच्या सुमाराला ताईचा फोन आला. "काय ठरलं? हीच घ्यायची?"

"हीच."

"कंपनी नीट पाहिलीस ना?"

"पाहिली. कारखान्यात जाऊन पाहिली, ताई. वहीसुद्धा बघितली."

"आणि बसवणारा?"

"बोलावल्यावर आला."

"एवढंच?"

नळीचं सांगायला मला धीर होईना. शेवटी काकाजींनी फोन हातातून घेतला आणि सगळं सांगितलं, खाटेसकट, दोन जागी खोकत. पलीकडे ताई हसत असावी, कारण काकाजी म्हणाले, "हसू नको, पोरगा रडवेला झालाय."

वीज चार वाजून काही मिनिटांनी आली. कधी आली ते आम्हाला कळलंच नाही. शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज आला तेव्हा मी पडद्याकडे बघितलं. सदतीस टक्के उरले होते. काकाजी भिंतीकडे तोंड करून झोपले होते, त्र्याण्णववर. मी तो आकडाही लिहिला, खरं तर आता लिहायचं कारण नव्हतं.

सोमवारी शेठकडे पुढच्या शुक्रवारची सुट्टी मागितली. ते हो म्हणाले. घरी येऊन काकाजींना सांगितलं तर त्यांनी पेपर खाली केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कामावर जा," ते म्हणाले. "तू इथं बसलास तर परत कायतरी सरकवशील."